गुडघ्यावरची हातोडी

बल्लारशाह-काझीपेठ मार्गावरचे, गोदावरीकाठचे मंचेरियल कोळशासाठी ओळखले जाते. जुन्या आदिलाबादमधून २०१६ साली वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याला २०२२ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. तिथेही एमबीबीएसच्या पहिल्याच वर्षी शरीरक्रियाशास्त्राच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थ्याच्या हाती रबरी हातोडी येते. एमआरआयच्या काळात हा निव्वळ रिवाज उरला आहे, असे अनेकांना वाटते. मला ते पटत नाही. ही हातोडी ज्या यंत्रणेची परीक्षा घेते, तिची रचनाच अशी आहे की चालती-बोलती तपासणी टाळून तिच्याविषयी नेमके काही सांगता येत नाही.

रुग्णाला पाय लोंबते ठेवून बसवतात आणि गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर हलका ठोका देतात. ठोका तिथे पडला तरी खबर उठते मांडीच्या पुढच्या स्नायूत. कंडरा दबली की हा स्नायू किंचित ताणला जातो, आणि त्याच्या तंतूंमध्ये दडलेले चातीच्या आकाराचे सूक्ष्म ताणमापक जागे होतात. त्यांचा संदेश सेकंदाला ८० ते १२० मीटर वेगाने कमरेकडच्या मज्जारज्जूत पोहोचतो, तिथे एकच सांधा ओलांडून चालक पेशीला मिळतो, आणि पाय पुढे उडतो. त्याच वेळी एक मधली पेशी मांडीमागच्या स्नायूला आवरते, नाहीतर दोघांची ओढाताण झाली असती. मेंदूच्या परवानगीची वाट कोणी पाहत नाही. हे सारे इतके झटपट घडते की १८७५ मध्ये एर्ब आणि वेस्टफाल या डॉक्टरांनी स्वतंत्रपणे याचे वर्णन केले, तेव्हा वेस्टफालला ही स्नायूची स्वतःचीच हालचाल वाटली. एर्बने मात्र मज्जारज्जूचा हात ओळखला. पुढे १९२४ साली लिडेल आणि शेरिंग्टन या शास्त्रज्ञांनी दाखवले की ठोका हे निमित्त आहे, खरे कारण ताण. उभे असताना गुडघा नकळत वाकू लागला, तर तो सावरण्यात हीच यंत्रणा हातभार लावते.

धडधाकट माणसांतही हा झटका कमी-जास्त असतो, मग त्यावर भरवसा कसा ठेवायचा, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच जाणता डॉक्टर उजव्या-डाव्या पायांची तुलना करतो, आणि झटका मिळेना तर रुग्णाला दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून ओढायला सांगतो. दबलेला झटका मग बहुधा प्रकटतो. एमआरआयचे मोल मोठे आहे, पण तो मुख्यतः रचना दाखवतो, व्यवहार नव्हे. गिलाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजारात मेंदूचे चित्र निर्दोष येऊ शकते, पण झटके बहुधा मंदावतात किंवा नाहीसे होतात. याउलट, लाखोळीची डाळ फार काळ मुख्य अन्न म्हणून खाल्ल्याने पाय ताठरतात, तेव्हा मेंदूकडून येणारा लगाम सैल झाल्याने झटके जोराचे होतात. दोन्हीकडे तक्रार पायांच्या अशक्तपणाचीच. बिघाड मज्जातंतूंत की वरच्या वाटेत, हे हातोडी खाटेपाशीच सुचवते. पायांतला अशक्तपणा दिवसागणिक वर चढत असेल, तर स्कॅनच्या तारखेसाठी थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडून झटके तपासून घ्या, कारण गिलाँ-बारेत श्वासाचे स्नायूही निकामी होऊ शकतात.