चिमूटभर धुळीची करामत

ऐन फराळाच्या गडबडीत आमच्या कुकरची काळी मूठ ओट्यावरून पडली आणि कडकन तिचे दोन तुकडे झाले. “प्लास्टिकच ना? मग तापवून नाही का जोडता येणार?” सौभाग्यवतींनी विचारले. प्रश्न साधा, पण उत्तरात शंभर वर्षांची रसायनविद्या दडलेली!

प्लास्टिकच्या जाती दोन. एक मेणबत्तीच्या स्वभावाची: तापली की वितळते, निवली की घट्ट होते. आपली बादली या जातीची. दुसरी भाकरीच्या स्वभावाची: एकदा भाजली की पुन्हा पीठ होणे नाही. आमची मूठ या दुसऱ्या जातीतली, बॅकेलाइटची. तापवताना हिच्यातले रेणू एकमेकांचे हात कायमचे धरतात आणि सगळ्यांचे मिळून एकच जाळे होते. म्हणून ती विस्तवाजवळ वितळत नाही. पण म्हणूनच लवतही नाही. मोडेन पण वाकणार नाही, हा तिचा बाणा!

बेल्जियममध्ये जन्मलेल्या लिओ बेकलंड यांनी १९०७ साली अमेरिकेत बॅकेलाइट बनवले. त्याचा ठिसूळपणा कमी करायला त्यात लाकडाचे बारीक पीठ मिसळीत. गंधक घालून तापवलेले रबरही याच न वितळणाऱ्या जातीचे. पहिले टायर फिकट रंगाचे असत. १९१० नंतरच्या दशकात त्यांत काजळी मिसळू लागले आणि टायर काळे झाले, शिवाय कितीतरी टिकाऊही झाले. ती काजळी नॅनोमीटरमध्ये मोजावी इतकी बारीक होती. फक्त ‘नॅनो’ हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता.

नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. एवढे बारीक कशाला? एक सेंटिमीटरचा चौकोनी ठोकळा घ्या. त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. त्याचेच एकेका नॅनोमीटरचे ठोकळे पाडले, तर एकूण पृष्ठभाग होतो ६,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दीड एकर! चिमूटभर धूळ राळेला इतक्या ठिकाणी भिडते. चीर धावत आली की हे कण तिची वाट अडवतात, तिला वळणे घ्यायला लावतात. कण सुटतो, भोवतालची राळ ताणली जाते आणि चिरेचा जोर तिथेच खर्ची पडतो. इपॉक्सी राळेत सिलिकाचे असे कण शेकडा थोडेसेच घातले, तरी तिचा ठिसूळपणा कमी होतो.

मग अडते कुठे? पिठले करणाऱ्या प्रत्येक गृहिणीला उत्तर ठाऊक आहे: गुठळ्या! इतके बारीक कण एकमेकांनाच बिलगतात आणि गुठळी झाली की चीर तिथूनच सुरू होते. प्रमाण वाढवावे, तर राळ घट्ट होऊन साच्यात नीट उतरत नाही. म्हणून कणांवर राळेशी जमवून घेणारा रासायनिक लेप देतात. अशी कोरडी धूळ श्वासातून छातीत जाऊ नये, यासाठी कारखान्यात जपावे लागते, ते वेगळेच.

मूठ तुटली तर चार पैशांचे नुकसान. पण साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर फिरणाऱ्या पवनचक्क्यांची पातीही काचतंतू आणि अशाच न वितळणाऱ्या राळेची असतात. तिथली चीर वेळीच थांबायला हवी. शिवाय मोडलेले पाते वितळवून नवे करता येत नाही. नॅनो धूळ त्याचे आयुष्य वाढवील. ते संपल्यावरचा कचरा मात्र तिला आवरता येणार नाही.

सौभाग्यवतींनी हे सारे शांतपणे ऐकले. “म्हणजे नवी मूठ आणायची,” त्या म्हणाल्या आणि पणतीवर धरलेली काजळी पुसू लागल्या. मी त्या काळ्या फडक्याकडे जरा आदराने पाहिले.