तारीख खोटी, कड खरी

15 ऑक्टोबर 1794 रोजी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत हेन्री व्होइट या मुख्य नाणेकारानं अमेरिकेचे पहिले 1,758 चांदीचे डॉलर हवाली केले. टांकसाळीचा कायदा होऊन तेव्हा अडीच वर्षं उलटली होती. सोन्याचांदीला हात लावण्याआधी नाणेकार आणि कसनिस (धातूचा कस तपासणारा) या दोघांनी प्रत्येकी दहा हजार डॉलरचा जामीन द्यावा अशी कायद्यात अट होती, आणि एवढी ऐपत दोघांचीही नव्हती. 1794 मध्ये काँग्रेसनं ती रक्कम खाली आणली, तेव्हा कुठे चांदीचं काम सुरू झालं.

त्या डॉलरांपैकी आज सुमारे दीडशे उरले आहेत. एखादा भिंगाखाली धरला, की डाव्या बाजूचे तारे आणि तारखेचा काही भाग फिका दिसतो. नवख्याला वाटतं, नाणं झिजलंय. पण झीज नेहमी उंचवट्यांपासून सुरू होते. आधी स्वातंत्र्यदेवीचे केस आणि गाल सपाट होतात. इथे केस शाबूत आणि एकच बाजू फिकी, म्हणजे दोष जन्माचा आहे. टांकसाळीतलं यंत्र लहान नाण्यांच्या मापाचं होतं, त्यावर डॉलर पाडायला घेतले आणि दोन्ही ठसे एकमेकांना समांतर बसले नाहीत, त्यामुळे एका अंगाला दाब कमी पडला. सव्वादोनशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या त्या यंत्राचा कल आजही बोटाच्या टोकाखाली जाणवतो, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

याहून बोलके असतात ते ओरखडे. डॉलरचं वजन 416 ग्रेन, म्हणजे 26.96 ग्रॅम, सव्वादोन तोळ्यांच्या थोडं वर. प्रत्येक कोरी चकती छापण्याआधी तराजूत पडायची. जास्त भरली तर कानशीनं घासून वजनात आणायची, कमी भरली तर पुन्हा मुशीत. 1795 मध्ये या कामावर सारा वॉल्ड्रेक आणि रेचेल समर्स या दोन स्त्रिया नेमल्या गेल्या. त्या काळच्या डॉलरांवर कानशीच्या समांतर रेघा आजही दिसतात. छाप बसताना चांदी दबते, म्हणून या रेघा बोथट होतात, कुठे अर्ध्यावर मिटून जातात. नंतर कुणी केलेला ओरखडा मात्र धारदार असतो आणि नक्षीला कापत पुढे जातो. पहिल्या प्रकारच्या रेघांना जाणकार फारसा दोष देत नाहीत, दुसऱ्यानं किंमत कोसळते. नाणं पारखणं म्हणतात ते बरंचसं हेच: छाप बसण्याआधी काय घडलं आणि नंतर काय, ते वेगळं काढायचं.

काही चकत्या हलक्या भरल्या तरी टाकून दिल्या गेल्या नाहीत. त्यांच्या मधोमध भोक पाडून चांदीची बारीक खुंटी बसवली आणि वर छाप मारली. खुंटी चपटी होऊन नक्षीत विरघळून जाते. नीट पाहिलं तर मध्यभागी वर्तुळाची फिकट कडा उमटलेली सापडते. जानेवारी 2013 मध्ये 1794 चा एक डॉलर लिलावात एक कोटी डॉलरच्या वर गेला. त्याच्यात अशी खुंटी आहे आणि कानशीच्या रेघाही आहेत. हा छापलेला अगदी पहिला डॉलर असू शकतो, असं काही अभ्यासक मानतात.

आता 1804 चा डॉलर. टांकसाळीच्या वहीत त्या वर्षी 19,570 डॉलर पाडल्याची नोंद आहे आणि ती खरी आहे. मात्र ठसे जुने वापरले होते, त्यामुळे त्या नाण्यांवर आधीच्या सालांच्याच तारखा पडल्या. त्यानंतर डॉलर पाडणं थांबलं, कारण व्यापारी ते वेस्ट इंडीजला नेऊन वजनदार स्पॅनिश डॉलरांशी बदलत होते. 1834 मध्ये एडमंड रॉबर्ट्स हा दूत मस्कतचा सुलतान आणि सयामचा राजा यांच्याकडे निघणार होता. भेटीसाठी अमेरिकी नाण्यांचे पूर्ण संच हवे होते. टांकसाळीनं जुनी वही उघडली, शेवटचा डॉलर 1804 चा असं वाचलं आणि त्या तारखेचे नवे ठसे कोरले. अशा रीतीनं 1804 चे डॉलर जन्मले ते तीस वर्षांनी.

हे उघड झालं ते मुख्यतः कडेमुळे. 1804 पर्यंत डॉलरच्या कडेवरची अक्षरं आधी उठवायचे आणि मग चकती मोकळी ठेवून छापायचे, म्हणून अक्षरं स्वच्छ राहायची. 1830 च्या दशकापर्यंत चकतीभोवती घट्ट कडं आलं होतं. त्या कड्यात दाबल्यामुळे 1804 च्या डॉलरांवरची अक्षरं चेपलेली आहेत. तारखेनं लपवलं ते कडेनं सांगितलं. 1858 च्या सुमारास टांकसाळीतल्याच काही लोकांनी चोरून आणखी प्रती पाडल्या. त्यांतली एक तर 1857 च्या स्विस नाण्यावरच छापलेली आहे, खालची जुनी नक्षी अजून डोकावते. ती आता स्मिथसोनियनमध्ये आहे.

रॉबर्ट्सचं जहाज 'पीकॉक' सप्टेंबर 1835 मध्ये ओमानच्या मसिरा बेटाजवळ रुतलं. हलकं करण्यासाठी तोफा समुद्रात टाकाव्या लागल्या. मस्कतला सुलतानाची भेट पोचवून जहाज दुरुस्तीसाठी आलं ते थेट मुंबईला. बँकॉकला ते पोचलं एप्रिल 1836 मध्ये. म्हणजे सयामच्या राजासाठीचा तो डॉलर, पिवळ्या चामड्याच्या पेटीतला, मधले काही आठवडे मुंबईच्या बंदरात होता. तो संच 1962 मध्ये लंडनला प्रकाशात आला. नेमकं त्याच वेळी एरिक न्यूमन आणि केनेथ ब्रेसेट यांचं या डॉलरवरचं पुस्तक छपाईच्या वाटेवर होतं, आणि त्यांना ते बदलावं लागलं. सुलतानाचा म्हणून ओळखला जाणारा डॉलर 2021 मध्ये 76 लाख 80 हजार डॉलरला गेला.

एवढे पैसे लागतात म्हणून हा नाद सामान्यांचा नाही, असं कुणी समजू नये. 1807 ते 1836 मधले अर्धे डॉलर पाहा. बँकांच्या थैल्यांत पडून राहिल्यामुळे ते भरपूर उरले आणि चांगल्या स्थितीत उरले. घेताना एवढंच सांभाळायचं की नाणं घासून चकचकीत केलेलं नसावं. काळानं चढलेली करडी-निळसर झाक गेली की ती परत येत नाही, आणि संग्राहक आधी तीच पाहतो.

या अर्ध्या डॉलरांचा पहिला कोरक्या जॉन राइश तेराव्या ताऱ्याच्या टोकाला बारीक खाच ठेवायचा. ती त्याची खूण मानतात. ठसे हातानं बनत, त्यामुळे प्रत्येक जोडी वेगळी. या जोड्या साडेचारशेच्या आसपास भरतात, आणि अल ओव्हरटन यांनी त्यांना दिलेले क्रमांक संग्राहक आजही वापरतात. वापरून वापरून पोलादी ठशाला तडा जाई, आणि त्या तड्यात चांदी शिरून नाण्यावर केसाएवढी उंच रेघ उठे. नाण्यामागून नाणं पडत जाई तशी ती लांबत जाई, काठापासून ताऱ्यापर्यंत, ताऱ्यापासून गालापर्यंत. एकाच जोडीची दोन नाणी आज बोस्टन आणि पुण्यात असली, तरी दोन्हींवरची रेघ मोजून त्यांतलं आधी कोणतं पडलं ते सांगता येतं.