सहीपुरती आई?

मैत्रिणींनो, दसरा-दिवाळीच्या सुमारास कड्याच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'! पोरं बरोबर गेली की शाळा सुटते, ती पुष्कळदा कायमचीच. मागं ठेवली, तर त्यांच्या पोटापाण्याचं कोण पाहणार, तापात उशाशी कोण बसणार? मुलांचा सर्वांगीण विकास म्हणतात ना, तो इथूनच सुरू होतो, बरं का!

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत चारांतले तीन सभासद पालक असतात, आणि निम्म्या जागा बायकांच्या. शाळेचा विकास आराखडाही हीच समिती करते. आपण मात्र वहीत सही करतो, चहा घेतो नि घरी येतो. (मीही केलंय हो!)

यंदा टोळ्या निघण्याआधीच गुरुजींना विचारा, कुणाकुणाची मुलं जाणार? हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव गेला का? त्यात मुलांना गावातच दोन वेळचं जेवण मिळतं. रात्री ती बहुधा आजी-मावशीकडे झोपतात. आणि कोयत्यावर जाणाऱ्या आईला बैठकीला मुद्दाम बोलवा. ती दिवसभर रोजगाराला असते, तेव्हा बैठक संध्याकाळीच ठेवायला सांगा.