मांजराच्या पिसवांचा बंदोबस्त

मंडळी, आपल्याकडे मांजर कोणी मुद्दाम आणून पाळलेले असतेच असे नाही. बहुधा ते आपणहून आलेले असते आणि राहिलेले असते. घरात धान्य आहे, धान्याला उंदीर आहेत, म्हणून मांजराला थारा आहे. दिवसभर ते चुलीशेजारी नाहीतर गोधड्यांच्या ढिगावर पडून असते. मुले त्याला उचलून घेतात, रात्री ते आजीच्या पायाशी झोपते. असा सगळा सलोखा चाललेला असतो. आणि एखाद्या पावसाळ्यात घरातल्या माणसांच्या घोट्यांवर, पोटऱ्यांवर बारीक लाल गांधी उठू लागतात. खाजवून खाजवून झोप उडते. मग कोणीतरी म्हणते, "मांजराला पिसवा झाल्यात. पोत्यात घाला आणि ओढ्यापलीकडं सोडून या."

मांजर पोत्यात जाते, ओढ्यापलीकडे जाते. पिसवा मात्र घरातच राहतात आणि पुष्कळदा पूर्वीपेक्षा जास्त चावू लागतात. असे का होते, ते आज समजून घेऊ. म्हणजे मांजरही वाचेल आणि आपली झोपही.

मांजराच्या अंगावरची पिसू तपकिरी रंगाची, तिळाहून लहान आणि दोन्ही बाजूंनी चेपलेली असते. अशा अंगामुळे ती केसांच्या दाटीतून सरसर वाट काढते. तिला पंख नाहीत. पण मागचे पाय इतके बळकट, की वीतभर उडी ती सहज घेते. रक्त हेच तिचे अन्न. एकदा मांजरावर चढली की ती सहसा आपणहून उतरत नाही. एक-दोन दिवसांत अंडी घालू लागते, आणि ऐन भरात एकेक मादी दिवसाला ४०-५० पर्यंत अंडी घालते.

उवेची अंडी, म्हणजे लिखा, केसांना चिकटून राहतात हे आयाबायांना चांगले ठाऊक आहे. पिसवेचे तसे नाही. तिची अंडी पांढरी, गुळगुळीत. मांजर चालते, उडी मारते, अंग झटकते, तशी ती मिठाच्या कणांसारखी खाली सांडतात. मांजर जिथे जास्त वेळ पडून असते तिथे जास्त सांडतात. म्हणजे गोधडीत, पोत्यांच्या आड, जमिनीच्या भेगांत, कोचाच्या फटीत. थोड्याच दिवसांत अंड्यातून बारीक अळी निघते. तिला उजेड सोसत नाही, म्हणून ती खोल दडते. तिथे ती खाते काय? मोठ्या पिसवांची विष्ठा, म्हणजे वाळलेले रक्तच, मांजराच्या अंगावरून खाली गळत असते. तीच अळीची शिदोरी! पुढे अळी स्वतःभोवती चिकट कोष विणते. त्याला धूळमाती चिकटते आणि तो डोळ्यांना दिसेनासा होतो. हवा उबदार आणि दमट असली की अंड्यापासून पिसवेपर्यंतचा हा सगळा प्रवास तीन-चार आठवड्यांत पुरा होतो. पावसाळ्यात पिसवा का वाढतात, ते आता ध्यानात आले असेल.

आता आणखी एक गंमत पाहा. कोषातली पिसू तयार झाली तरी लगेच बाहेर येईलच असे नाही. ती कित्येक महिने दबा धरून बसू शकते. पावलांची धमक, अंगाची ऊब आणि श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड वायू या तिला लागणाऱ्या खुणा. त्या मिळाल्या की ती टुणकन बाहेर येते. महिना-दोन महिने कुलूप असलेले घर उघडावे आणि पहिल्याच दिवशी पायांवर पिसवांनी तुटून पडावे, हा अनुभव पुष्कळांना येतो, तो यामुळेच.

जाणकारांचा ढोबळ हिशेब असा आहे : घरात पिसवांचा वीस आण्यांचा माल असेल, तर मांजराच्या अंगावर दिसतो तो एक आणा. उरलेले एकोणीस आणे अंडी, अळ्या आणि कोष यांच्या रूपाने घरात पडलेले असतात. मांजर घालवले म्हणजे एक आणा गेला. एकोणिसांतून नव्या पिसवा निघतच राहतात, आणि मांजर नाही म्हटल्यावर त्या आपल्याकडे वळतात.

पिसू म्हटले की प्लेगची आठवण निघतेच. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, १८९७ साली पुण्यात त्याने थैमान घातले. रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने गेल्या. उंदरावरची पिसू हा रोग पसरवते, हे पॉल-लुई सीमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत प्रयोग करून दाखवले. परंतु ती पिसू निराळ्या जातीची. मांजरावरची पिसू प्लेग पसरवण्याच्या कामी फारशी तरबेज नाही. तेव्हा गांधी उठल्या म्हणून घाबरून जाऊ नये.

मात्र तिला अगदीच निरुपद्रवी समजू नये. लहान पिल्लांच्या अंगावर पिसवा माजल्या तर रक्त कमी होऊन पिल्लू दगावते. त्याच्या हिरड्या गुलाबी न दिसता पांढुरक्या दिसू लागल्या की वेळ गमावू नये. मांजर अंग चाटताना पिसू गिळते आणि तिच्यातून चपट्या जंताचे बी त्याच्या पोटात जाते. मग शेपटीखाली तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे दिसतात. अशा वेळी जंताचे औषधही द्यावे लागते. मुलाच्या तोंडात चुकून पिसू गेली तर त्यालाही हा जंत होऊ शकतो. शिवाय मांजराच्या ओरबाडण्याने कधी कधी ताप येऊन काखेत गाठ येते. त्या रोगाचे जंतू एका मांजराकडून दुसऱ्याकडे नेण्याचे काम पिसवाच करतात. ओरबाडलेली जागा लगेच साबणाने धुवावी.

मांजराला पिसवा आहेत की नाहीत, हे ओळखायचे कसे? शिक्षक बंधुभगिनींना वर्गात दाखवता येईल अशी एक सोपी परीक्षा आहे. पांढरा कागद ओला करून पसरा आणि त्यावर मांजराची मान व शेपटीच्या बुडाची जागा बारीक दातांच्या फणीने विंचरा. काळे कण पडतील. ती साधी माती असेल तर तशीच राहील. पिसवांची विष्ठा असेल तर कणाभोवती तांबूस डाग पसरेल, कारण ते रक्त आहे.

आता उपाय. कामे तीन : मांजर, घर आणि चिकाटी.

पहिले मांजर. उवा काढतो तसली एक फणी मांजरासाठी वेगळी ठेवा. रोज विंचरा आणि फणी साबणाच्या पाण्यात बुडवा. नुसत्या पाण्यात पिसू तरंगते. साबणाने पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण कमी होतो आणि ती बुडून मरते. नखाने चिरडत बसू नका. अगदी लहान पिल्लांना हीच फणी सगळ्यांत चांगली. मोठ्या मांजरासाठी फिप्रोनिल किंवा सेलामेक्टिन यांसारखी औषधे मिळतात. त्यांचे थेंब मानेच्या मागे, जीभ पोचणार नाही अशा जागी, केस बाजूला करून कातडीवर सोडायचे असतात. जनावरांच्या डॉक्टरला मांजराचे वजन आणि वय सांगा व तो म्हणेल तेवढेच द्या. घरात दुसरी मांजरे, कुत्री असतील तर प्रत्येकाला त्याचे त्याचे औषध एकाच वेळी द्या. कारण हीच पिसू कुत्र्यावरही राहते.

इथे हात जोडून एक सांगणे आहे. गुरांच्या गोचिडांसाठी आणलेले औषध उरले आहे म्हणून ते मांजराला चोळू नका. कुत्र्याचे औषधही "थोडंसं लावू" म्हणून लावू नका. त्यांत पुष्कळदा पर्मेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांसारखी द्रव्ये असतात. कुत्र्याच्या शरीरात पर्मेथ्रिनचा निचरा होतो. मांजराच्या यकृताला ते नीट साधत नाही. त्यात मांजराला सगळे अंग चाटायची सवय! मग ते थरथरते, लाळ गाळते, त्याला झटके येतात आणि ते मरते. पिसवा मारायला गेलो आणि मांजर मेले, असे होते. चुकून लावलेच गेले तर कोमट पाणी व सौम्य साबणाने लगेच धुऊन, अंग कोरडे करून थेट दवाखाना गाठा. रॉकेल, फिनाईल, डांबरगोळ्यांची पूड, तंबाखूचे पाणी हेही मांजराला विषच. लसूण चारू नका. गॅमेक्सिनची पूड पूर्वी घरोघर वापरत; तिच्यातल्या बी.एच.सी.वर १९९७ पासून आपल्या देशात बंदी आहे.

दुसरे घर, म्हणजे ते एकोणीस आणे. मांजराला निजायला एकच ठरावीक जागा आणि एक जुने फडके द्या. अंडी तिथेच जास्त सांडतील आणि तेवढे फडके दर आठवड्याला उकळत्या पाण्यात टाकले की पुष्कळ काम होईल. गोधड्या, सतरंज्या धुऊन कडक उन्हात वाळवा. ऊन आणि कोरडेपणा अंडी व अळ्या दोघांचा शत्रू आहे. पोती भिंतीपासून सरकवून फळीवर ठेवा. जमीन मातीची असेल तर भेगा लिंपून घ्या. फरशी असेल तर सांधे आणि कोपरे पुसा. झाडताना वरवर केर काढू नका. खाटेखाली, माळ्यावर, कोचाच्या फटीत केरसुणी पोचली पाहिजे. व्हॅक्यूम यंत्र असेल तर उत्तमच. निघालेला केर दारात न टाकता बंद पिशवीत घालून लांब टाका.

तिसरी चिकाटी. औषध दिल्यावर आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा पिसवा दिसतात आणि माणूस म्हणतो, "औषध खोटं निघालं." औषध खोटे नसते. जुन्या कोषांतली पिल्लावळ बाहेर येत असते. ती औषध लावलेल्या मांजरावर चढते आणि मरते. म्हणजे मांजर हाच आपला सापळा झाला! म्हणून औषधाची ठरलेली तारीख न चुकवता निदान तीन महिने हा क्रम चालू ठेवा. ओले कागद आणि फणी यांची परीक्षा दर आठवड्याला घ्या. तांबूस डाग कमी होत गेले की समजावे, आपण बरोबर चाललो आहोत.

तेव्हा पुढच्या वेळी घरात कोणी पोते शोधू लागले, तर त्याच्या हातातून ते काढून घ्या आणि त्याऐवजी केरसुणी द्या. मांजराने पिसवा जन्माला घातलेल्या नाहीत. आपल्याआधी तेच त्यांचा त्रास सोसत असते. ते चुलीशेजारी आपल्या जागी राहू द्या. घालवायच्या आहेत त्या पिसवा, आणि त्यांची मुळे आपल्याच घराच्या कोपऱ्यांत आहेत.