तेलकट पाण्यावर कच्च्या कापसाचा उपयोग

छावणीच्या गुरुवारच्या बाजारास येणाऱ्या शेतकरी बंधूंस खाम नदी परिचित आहे. हर्सूलकडून येणारी ही नदी शहरांतून व छावणीजवळून दक्षिणेस जाते आणि तिचें पाणी शेवटीं जायकवाडीच्या नाथसागरांत उतरतें. शहराचें सांडपाणी वाहून नेणारा नाला, अशीच तिची अनेक वर्षें स्थिति होती. २०२१ पासून महानगरपालिका, छावणीचें कटक मंडळ व कांहीं संस्था यांनीं तिच्या शुद्धीचें काम हातीं घेतलें, हें स्तुत्यच होय. परंतु शहरांतून वाहणाऱ्या कोणत्याहि नदीस कचऱ्याखेरीज आणखी एक उपद्रव असतो, तो तेलाचा. गाड्या दुरुस्तीच्या दुकानांतील जळकें तेल, रस्त्यावर सांडलेलें डिझेल हें सर्व पहिल्या पावसाबरोबर नाल्यांत येतें. आपल्या शेतांतहि डिझेलच्या इंजिनाखालीं तेलाचा ओघळ विहिरीकडे गेलेला पुष्कळांनीं पाहिला असेल.

तेल थोडें असलें तरी पसरतें फार. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखे रंग दिसतात तेव्हां तो थर इतका पातळ असतो कीं, एक लीटर तेल सुमारें ३००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ पाऊण एकर पृष्ठभाग झांकूं शकतें. थर जाड झाला म्हणजे हवेंतील प्राणवायु पाण्यांत मिसळण्यास अडथळा येतो, मासे गुदमरतात आणि तें पाणी जनावरें तोंडीं लावीत नाहींत. असें तेल काढण्यास जो पदार्थ उत्तम, तो आपल्याच घरांत पडून असतो, हें सांगण्यासाठीं हा लेख आहे.

वाचकांनीं प्रथम एक लहानसा प्रयोग करून पाहावा. दोन वाट्यांत पाणी घेऊन प्रत्येकींत चमचाभर तेल सोडावें. एकींत सरकी काढलेल्या घरच्या कच्च्या कापसाचा पुंजका टाकावा. दुसरींत औषधाच्या दुकानांत मिळणारा शुभ्र कापूस टाकावा. शुभ्र कापूस लागलीच पाणी पिऊन जड होतो व बुडूं लागतो. कच्चा कापूस मात्र तरंगत राहतो, आणि पाणी सोडून तेल तेवढें ओढून घेतो.

याचें कारण असें. कापसाच्या तंतूंत शेंकडा ९० हून अधिक भाग सेल्यूलोजचा असतो, आणि सेल्यूलोजला पाण्याची मोठी ओढ. पण निसर्गानें प्रत्येक तंतूवर मेणाचा अगदीं पातळ लेप दिलेला असतो. वजनानें तो शेंकडा एकाच्या आसपास भरतो. मेण पाण्यास दूर लोटतें व तेलास जवळ करितें. औषधी कापूस क्षारांत उकळून व धुवून तयार करितात, त्यांत हें मेण निघून जातें. रुग्णाच्या जखमेस जो गुण हवा, तोच आपल्या कामास अवगुण ठरतो.

दुसरें कारण तंतूच्या घडणींत आहे. तंतु ही एक सूक्ष्म नळी असते. बोंड पक्व होतांना तिच्या आंतून सेल्यूलोजचे थर बसत जातात व भिंत जाड होते. बोंड अपक्व राहिलें तर भिंत पातळ व पोकळी मोठी राहते. अशा कापसास सूत धरत नाहीं, रंग नीट चढत नाहीं, म्हणून व्यापारी त्याचा भाव पाडतो. मायक्रोनेअरचा आंकडा कमी आला असें तो म्हणतो तें हेंच. परंतु पातळ भिंतीच्या तंतूंचा पृष्ठभाग त्याच वजनांत अधिक भरतो, आणि तेल मुख्यतः तंतूच्या अंगास व तंतूंमधील जागेंत धरलें जातें. अमेरिकेंतील टेक्सास टेक विद्यापीठांत शेषाद्रि रामकुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असा कमी मायक्रोनेअरचा कच्चा कापूस तपासला. एक किलो कापूस ३० किलोहून अधिक खनिज तेल धरूं शकतो, असें त्यांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केलें. प्रयोगशाळेंतील हा आंकडा ओढ्यावर जसाच्या तसा मिळेल अशी अपेक्षा मात्र धरूं नये.

या विषयाकडे जगाचें लक्ष २०१० सालीं विशेष वळलें. त्या वर्षींच्या एप्रिलमध्यें मेक्सिकोच्या आखातांत तेलविहीर फुटली. आणि ७ ऑगस्ट रोजीं मुंबई बंदराबाहेर ‘एम. एस. सी. चित्रा’ व ‘खलिजिया ३’ या जहाजांची टक्कर होऊन शेंकडों टन तेल समुद्रांत गेलें व रायगडच्या किनाऱ्यावरील खारफुटीपर्यंत पोहोंचलें. वनस्पतींचा असा उपयोग मात्र त्याहून जुना आहे. १९६९ सालीं कॅलिफोर्नियांत सांता बार्बारा येथें तेल किनाऱ्यास लागलें तेव्हां तें टिपण्यास वाळलेला पेंढा पसरला होता. पेंढा, लाकडाचा भुसा, उसाचा चोथा हे पदार्थ स्वस्त खरे, पण तेलाबरोबर पाणीहि पितात व लवकर बुडतात. पांढऱ्या सावरीचा कापूस मात्र फार उपयुक्त. त्याची नळी जवळजवळ पोकळच असते व अंगावर मेण असतें, म्हणूनच पूर्वीं तो पाण्यांत तरंगण्याच्या पट्ट्यांत भरीत असत. बांधावरील रुईच्या झाडाचा (येथें पिंजलेली रुई समजूं नये) बोंडांतील रेशमासारखा कापूसहि याच जातीचा आहे. त्याचा चीक डोळ्यांस फार अपायकारक असल्यानें बोंडें वाळल्यावरच तोडावीं.

विहिरींत तेल पडलें असतां मच्छरदाणीच्या कापडाची लांबट पिशवी शिवून तींत पिंजलेला कच्चा कापूस सैल भरावा. ठासून भरल्यास तंतूंमधील जागा नाहींशी होते. दोरीस बांधून ती पाण्यावर तरंगत ठेवावी, जड झाली कीं डब्यावर पिळून पुन्हां सोडावी. दाट तेल कापूस चांगलें धरतो. डिझेल पातळ असल्यानें उचलतांना बरेंचसें गळतें, म्हणून डबा अगदीं जवळ ठेवावा. संथ ओढ्यांत अशा पिशव्या बांबूस बांधून आडव्या धरतां येतात. पुराच्या लोंढ्यांत त्यांचा कांहीं उपयोग नाहीं. पाण्यांत साबण किंवा धुण्याची पूड मुळींच टाकूं नये. त्यानें तेल नाहींसें झालेलें दिसतें, पण तें बारीक थेंब होऊन पाण्यांत मिसळतें व मग कापसास सांपडत नाहीं. विरघळलेलीं द्रव्यें व धातूहि कापूस काढीत नाहीं. तेव्हां वरून स्वच्छ दिसणारें पाणीहि तपासून घेतल्यावांचून पिऊं नये.

पिळलेलें जळकें तेल व तेलानें भिजलेला कापूस उकिरड्यावर किंवा शेणखताच्या खड्ड्यांत टाकणें म्हणजे विहिरींतील विष शेतांत आणणें होय. तो उघड्यावर जाळूंहि नये, आणि ढीग करून गोठ्याशेजारीं ठेवूं नये, कारण आगीचें भय असतें. २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणें वापरलेलें तेल परवानाधारकाकडेच द्यावें लागतें.

आतां कोणी विचारील, कवडी कापसास यायोगें भाव येईल काय? आज तरी तशी हमी नाहीं. कारखान्यांतून व बंदरांवर या कामास बहुधा खनिज तेलापासूनच बनविलेल्या कृत्रिम धाग्याच्या चटया वापरतात, आणि तेलगळतीची मागणी हंगामासारखी दरसाल येत नाहीं. म्हणून या आशेनें फरदड राखणें सर्वथा अनुचित होय. २०१७ सालीं गुलाबी बोंडअळीनें केलेला नाश मराठवाडा व विदर्भ विसरलेले नाहींत, आणि फरदड हें त्या अळीचें आश्रयस्थान आहे. वेळेवर पऱ्हाट्या उपटाव्या. वेचणींत जो हलका कापूस आपोआप निघतो, त्यांतला चार-पांच किलो कोरडा करून इंजिनाच्या खोपींत टांगून ठेवावा.