हिवाळी सुट्टी, झोप आणि सर्टिफिकेटं

लेखी परीक्षा, प्रॅक्टिकल, व्हायवा आणि सबमिशन उरकून बी. फार्म.चा विद्यार्थी डिसेंबरच्या सुमाराला घरी पोचतो, तेव्हा त्याच्या हातात फार दिवस नसतात. नियमावलीप्रमाणे विषम सत्र जून-जुलै ते नोव्हेंबर-डिसेंबर चालतं आणि सम सत्र डिसेंबर-जानेवारीत सुरूही होतं. मधली फट विद्यापीठागणिक कमी-जास्त होते, एवढंच. पण या फटीत बसवायच्या गोष्टींची यादी लांबलचक असते: जीपॅट या एम. फार्म.च्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास, ऑनलाइन कोर्स, एखाद्या कंपनीत इंटर्नशिप, गावातल्या मेडिकलमध्ये काम. या यादीतून हमखास गळते ती झोप. विश्रांती म्हणजे वाया गेलेला वेळ, ती जेवढी कापाल तेवढं करिअर पुढे सरकेल, हा समज फार खोलवर रुजलेला आहे. तो चुकीचा आहे, आणि शरीराचं काम कसं चालतं हे पहिल्या सत्रापासून शिकणाऱ्या मुलामुलींनी तरी तो बाळगू नये असं मला कळकळीने वाटतं.

‘पाच-सहा तासांच्या झोपेची सवय झाली आहे, मला काही होत नाही,’ हे वाक्य होस्टेलवर रोज ऐकू येतं. या वाक्याची तपासणी २००३ साली संशोधक व्हॅन डोंगेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत केली. निरोगी माणसांना सलग १४ दिवस रोज सहाच तास झोपू दिलं आणि त्यांची एकाग्रता, प्रतिसादाचा वेग, स्मरण वरचेवर मोजलं. दोन आठवड्यांच्या शेवटी त्यांची कामगिरी एक अख्खी रात्र अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी ढासळली होती. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की त्यांना स्वतःला झोप येत असल्याची जाणीव त्या मानाने फारशी वाढलेली नव्हती. म्हणजे सवय झाली होती ती थकवा न जाणवण्याची, थकवा मात्र होता तिथेच होता. ‘मला काही होत नाही’ या साक्षीवर विसंबता येत नाही, ते यामुळे. औषधं हाताळणाऱ्यांसाठी आणखी एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. सलग १७ तास जागं राहिल्यावर हात-डोळ्यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखा बिघडतो, असं १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं. आपल्याकडे वाहन चालवताना मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. ज्याच्या हातून उद्या सारख्या नावाच्या दोन औषधांतलं नेमकं औषध निवडलं जायचं आहे, त्याने या हिशेबाकडे दुर्लक्ष करू नये.

मग सुट्टीत दिवसभर लोळून सत्राची सगळी झोप भरून काढावी का? हाही गैरसमजच, फक्त दुसऱ्या टोकाचा. पहिले तीन-चार दिवस शरीर मागेल तेवढी झोप जरूर द्यावी. पण रजेमुळे आलेली टवटवी कामावर परतल्यावर साधारण दोन-चार आठवड्यांतच ओसरते, असं रजेवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो. यावर कुणी विचारेल, ओसरणारच असेल तर विश्रांतीचा उपयोग काय? जेवलेलंही दुसऱ्या दिवसापर्यंत पुरत नाही, म्हणून कुणी जेवण सोडत नाही. झोप पुढच्या सत्रासाठी साठवून ठेवता येत नाही हे खरं. सुट्टीत तिची वेळ मात्र लावून घेता येते. रात्री तीनपर्यंत मोबाइल आणि दुपारी बाराला उठणं असं पंधरा दिवस चाललं, तर शरीरातलं घड्याळ पुढे सरकतं आणि सत्राचा पहिला आठवडा ते मागे ओढण्यातच जातो. अशा सुट्टीत माणूस दिवस-दिवस पडून राहतो, पण त्याला विसावा मिळत नाही.

खरी हरकत वेगळी असते. ‘जीपॅट तोंडावर आहे, थांबलो तर वाचलेलं विसरेन.’ शेवटच्या वर्षात ही भीती साहजिक आहे: तीन तासांत १२५ प्रश्न, बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकलं की एक वजा. पण विसरण्यावरचा उतारा जागरण नव्हे. शिकल्यानंतर झोपलेली माणसं तेवढाच वेळ जागं राहिलेल्यांपेक्षा कमी विसरतात, हे १९२४ पासून माहीत आहे. आणि जागेपणीच्या तासांचं काय करायचं, याचं उत्तर मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली दिलं. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्याने एकदाच वाचून नंतर तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. आठ तास नोट्सवर हायलायटर फिरवणारा विद्यार्थी त्या पाच मिनिटांच्या यशाला भुलतो. ताज्या डोक्याने दोन तास वही मिटून बीटा-ब्लॉकरचं वर्गीकरण कोऱ्या कागदावर उतरवावं, अडेल तिथेच पुस्तक उघडावं आणि तीन दिवसांनी तेच पुन्हा करावं. यात अभ्यास कमी होत नाही, आणि उरलेला दिवस खरोखर मोकळा मिळतो. केटी लागलेल्यालाही याहून वेगळं सांगण्यासारखं नाही. त्याने नव्या गोष्टींची यादी बाजूला ठेवून तो राहिलेला एक विषय घ्यावा.

सर्टिफिकेटांचा प्रश्न नियम वाचला की बराचसा सुटतो. हिवाळ्यात कंपनीत पंधरा दिवस काढले की सक्तीचं प्रशिक्षण उरकलं, असं बरेच जण धरून चालतात. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या २०१४च्या नियमावलीत बी. फार्म.साठी किमान १५० तासांचं, चार आठवड्यांत विभागलेलं प्रशिक्षण सहाव्या सत्रानंतर आणि सातवं सुरू होण्याआधी ठेवलेलं आहे. त्याची जागा उन्हाळ्यात आहे. दुसऱ्या वर्षाच्या डिसेंबरातले दिवस त्यात धरले जातील या भरवशावर राहू नये. डी. फार्म.ला २०२०च्या नियमांप्रमाणे ५०० तास लागतात, तेही किमान तीन महिन्यांत विभागून. दोन आठवड्यांच्या सुट्टीत ते बसूच शकत नाहीत. उरतात ते दोन-दोन तासांच्या वेबिनारचे कागद. मुलाखतीत प्रश्न कागदावर लिहिलेल्या विषयावर येतो आणि दहा विषय लिहिले असतील तर दहाही ठिकाणी उघडं पडायला होतं. उत्पादन क्षेत्रात जायचं असेल, तर नवं शेड्यूल एम संथपणे वाचून काढावं. औषधनिर्मितीच्या जागेपासून यंत्रसामग्रीपर्यंतचे हे सुधारित निकष डिसेंबर २०२३मध्ये अधिसूचित झाले आणि कारखान्यांना त्यानुसार बदलावं लागतं आहे. एवढं एक वाचन त्या कागदांच्या फाइलपेक्षा भारी ठरेल, असं माझं मत आहे.

शेवटची हरकत पैशाची आहे आणि ती सर्वांत वजनदार आहे. पुष्कळ घरांत सुट्टी म्हणजे चार पैसे मिळवण्याचे दिवस, आणि फार्मसीचा मुलगा म्हटल्यावर ओळखीचं मेडिकल समोरच असतं. तिथे काम करण्यात गैर काहीच नाही. चूक होते ती ‘फार्मसी शिकतोय, म्हणजे औषध द्यायला चालतं’ असं धरण्यात. फार्मसी कायदा, १९४८ याच्या कलम ४२नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टचा आहे. मालक दुपारी जेवायला गेला म्हणून शिकणाऱ्याने एकट्याने काउंटर सांभाळू नये, भले गिऱ्हाईक घाई करो. माल लावणं, मुदत संपत आलेला माल वेगळा काढणं, बिलं जुळवणं ही कामं त्याची. फार्मासिस्ट शेजारी असताना बघण्यासारखंही खूप असतं. शेड्यूल एच-१चं रजिस्टर उघडून पाहावं: मार्च २०१४ पासून लागू झालेल्या या यादीत सुरुवातीला ४६ औषधं होती, त्यांत प्रतिजैविकं आणि क्षयरोगावरची औषधं बरीच. डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि नग अशी नोंद करावी लागते आणि ती तीन वर्षं जपावी लागते. किंवा नुसती कात्री बघावी. दहाच्या पट्टीतल्या चारच गोळ्या हव्या असतात, तेव्हा जाणता फार्मासिस्ट आधी पट्टी उलटी करून बॅच नंबर आणि मुदत कुठे छापली आहे ते पाहतो, दुसऱ्या टोकाकडून कापतो आणि गिऱ्हाइकाच्या तुकड्यावर ती माहिती उरली नाही म्हणून पाकिटावर औषधाचं नाव आणि मुदत पेनाने लिहून देतो.