केडगावचा एक वेगळाच कारखाना



ऊस विकास अधिकाऱ्याने लागण, बेणेमळा, खोडवा आणि खतांचे हप्ते यांवर लिहावे, अशी रीत आहे. या अंकात मात्र विषय निराळा घेतला आहे. उसाच्या नोंदीसाठी आणि तोडणीपूर्वी प्लॉट पाहण्यासाठी आम्हा शेतकी खात्याच्या माणसांना बारा महिने घरोघर जावे लागते. गेलो ऊस बघायला तरी घरातलेही चार गोष्टी नजरेस पडतातच. दार उघडणाऱ्या माउलीच्या डोळ्याखाली काळेनिळे झालेले असते. विचारले तर उत्तर ठरलेले, "म्हशीनं शिंग मारलं बघा." म्हैस कोणती, ते सगळ्या आळीला ठाऊक असते. पण आळी म्हणते, "नवराबायकोचं भांडण, आपण कशाला मधे पडा?" माहेरी गेली तर भाऊ दोन दिवस ठेवून घेतो आणि तिसऱ्या दिवशी एस्टीत बसवून देतो. "नांद बाई," म्हणतो.

अशा बाईने जायचे कुठे? आणि तिला ठेवून घेणारी जागा उभी राहते कशी, तिला पैसा कोठून येतो, ती चालवायची कोणी? याचे एक थोर उदाहरण आपल्या उसाच्याच मुलखात आहे. दौंड तालुक्यातील केडगाव, पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या रेल्वेवरचे स्टेशन. आजूबाजूला ऊस आणि गुऱ्हाळे. तेथे पंडिता रमाबाईंनी उभे केलेले मुक्ती मिशन शंभराहून अधिक वर्षे झाली तरी आजही निराधार स्त्रिया आणि मुलांना सांभाळत आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडिलांनी मुलीला संस्कृत शिकविले, ही त्या काळी वाळीत पडण्याजोगी गोष्ट. दुष्काळात आई, वडील, बहीण गेली. भावाबरोबर पायी देश पालथा घातला, कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरविले. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झाले आणि १८८२ साली पती पटकीने गेले. पदरात वर्षाचीही न झालेली मुलगी. म्हणजे आधार तुटलेल्या बाईचे जिणे काय असते, हे त्यांना पुस्तकातून वाचावे लागले नव्हते.

त्यांनी अमेरिकेत जाऊन येथील बालविधवांची स्थिती सांगितली आणि १८८७ साली इंग्रजीत त्यावर पुस्तक लिहिले. त्याच वर्षअखेर बोस्टन येथे त्यांच्या मदतीसाठी संस्था निघाली. तिची पैसे गोळा करण्याची पद्धत सभासदांनी मुद्दाम ध्यानात घ्यावी. गावोगाव 'रमाबाई मंडळे' काढली आणि प्रत्येक सदस्याने वर्षाला निदान एक डॉलर, असा दहा वर्षांचा वायदा केला. एका धनिकाने मोठी थैली दिली असती तर त्याचा हुकूमही चालला असता. थेंबे थेंबे भागभांडवल गोळा केले की संस्था कोणा एकाची मिंधी राहत नाही, हे आपणा सहकारवाल्यांना वेगळे सांगायला नको.

या पैशावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ 'शारदा सदन' उघडले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास नेले. पहिल्या मुलींतील एक गोदूबाई. तरुण विधवा. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी त्यांच्याशी पुनर्विवाह केला आणि पुढे त्या आनंदीबाई कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला, त्यालाही सदनाची ही ओळख उपयोगी पडली असणारच. न्याय द्यायचा तर हेही सांगितले पाहिजे की त्याआधी १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. फसविल्या गेलेल्या विधवेने गुपचूप यावे, बाळंत व्हावे, जीव वाचवावा, एवढाच हेतू. घरच्याच पुरुषाने नासविलेल्या बायका त्यात किती असतील, याचा विचार केला तर अंगावर काटा येतो.

१८९३ साली पुण्यात मोठे वादळ उठले. रमाबाईंनी इंग्लंडात असताना ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. सदनात धर्मप्रसार होतो, असा आरोप झाला. 'केसरी'ने झोड उठविली, रानडे-भांडारकरांसारखी सल्लागार मंडळी बाजूस झाली आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. धर्माचा हा वाद येथे उगाळण्याचे कारण नाही. दोन्ही बाजूंनी बरेच लिहिलेले आहे, ज्याने त्याने वाचावे. माझ्या मते महत्त्वाचे ते एवढे, की नेलेल्या मुलींना ठेवायची दुसरी जागा टीकाकारांपाशी तयार नव्हती आणि रमाबाईंनी दार लावून घेतले नाही.

आता आमच्या खात्याचा भाग. अमेरिकेचा दहा वर्षांचा वायदा १८९८ च्या सुमारास संपणार होता. पुढे काय? देणगी आज आहे, उद्या नाही. रमाबाईंनी दोन-तीन वर्षे आधीच जमीन शोधायला सुरुवात केली आणि केडगावला सुमारे शंभर एकर घेतली. विहिरी खोदल्या, आंबा, संत्री अशी फळझाडे लावली. झाडे धरतील तेव्हा त्यांच्या उत्पन्नावर सदन चालेल, असा हिशेब. फळबाग धरायला काही वर्षे जातात, म्हणून पैसा संपायच्या आत लागण झाली पाहिजे, हे या पंडितेला कळले होते. आपल्याकडे विहिरीचे पाणी तळाला गेल्यावर ठिबकचा अर्ज भरणारे सभासद आहेत, त्यांनी मनावर घ्यावे.

बाग धरायच्या आतच माणसे आली. १८९६-९७ साली मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. भुकेल्या मुलींवर सर्वांचा डोळा होता. कुंटणखान्याचे दलाल फिरत होते आणि सरकारी अन्नछत्रांतूनही मुली सुरक्षित नव्हत्या, हे त्यांनी त्याच साली लिहून ठेवले आहे. सुमारे तीनशे मुली त्यांनी आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेग. मग केडगावच्या उघड्या माळावर तंबू आणि छपरे घालून मुली राहिल्या. १८९८ मध्ये पक्की इमारत झाली. १९०० च्या गुजरातकडील दुष्काळात आणखी हजारावर मुली आल्या आणि वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. आपल्या एखाद्या मध्यम गावाएवढी. रोज दोन वेळचे धान्य, सरपण, पाणी, औषध, कपडे यांचा हिशेब करून पाहा म्हणजे बाईच्या छातीचा अंदाज येईल.

फसविल्या गेलेल्या किंवा बाजारात विकल्या गेलेल्या स्त्रियांसाठी तेथेच 'कृपासदन' म्हणून वेगळी वास्तू केली. त्यांना नुसते जेवू घालून बसविले नाही. माग, तेलघाणा, दूधदुभते, शिवण, टोपल्या विणणे, धोबीकाम, शेती, असे खाते खाते लावून दिले. छापखाना काढला आणि खिळे जुळविण्यापासून बांधणीपर्यंत कामे बायका करू लागल्या. अंध स्त्रियांना ब्रेल लिपी शिकविली. म्हणून वर कारखाना म्हटले. फरक इतकाच, की येथे कच्चा माल दुखावलेला माणूस होता आणि बाहेर पडायची ती चार पैसे कमावणारी, लिहितीवाचती बाई.

रमाबाई भिडस्त नव्हत्या. १८९५ साली त्या गरीब बाईच्या वेषात वृंदावनला जाऊन विधवांची लूट डोळ्यांनी पाहून आल्या. १८९७ साली पुण्यातील प्लेगच्या इस्पितळात एका मुलीची झालेली दुर्दशा त्यांनी वर्तमानपत्रात लिहिली आणि प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत पोचले. १९१९ मध्ये त्याच सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. १९२१ साली कामात खांद्याला खांदा लावणारी लेक मनोरमा गेली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला.

"साहेब, हे शंभर वर्षांपूर्वीचं झालं. आता कुठं राहिलंय तसं?" असे काही सभासद म्हणतील. केंद्र सरकारच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत, लग्न झालेल्या दर दहांतील सुमारे तीन बायकांनी नवऱ्याचा मार किंवा जाच सोसल्याचे सांगितले आहे. हा आकडा देशाचा. आपले शिवार काही देशाबाहेर नाही. आणि तोडणीला येणाऱ्या टोळ्यांचे काय? कोपीला दार नाही, कडी नाही, उचल मुकादमाच्या हातात. त्या बाईने तक्रार करायची तरी कुणाकडे? ती पाच-सहा महिने आपल्याच उसात राबते, हे विसरून चालणार नाही.

सोय मात्र पूर्वीपेक्षा पुष्कळ झाली आहे. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष साहाय्य कक्ष सुरू केला आणि पुढे राज्यात जिल्ह्याजिल्ह्यांत तसे कक्ष झाले. २०१५ पासून 'सखी' केंद्रे निघाली. तेथे आसरा, औषधोपचार, पोलीस आणि वकिलाची मदत एकाच छपराखाली मिळावी, अशी योजना आहे. १८१ हा फोन नंबर त्यासाठीच आहे. केंद्र चांगले की वाईट, हे अखेर चालविणाऱ्या माणसावरच ठरते. पाटी लावून काही होत नाही.

पण माझे शेतकी डोके पुन्हा जमिनीकडेच जाते. मार खाऊनही बाई परत त्याच दारात का जाते? कारण तिच्या नावावर गुंठाही नसतो. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन झाले, त्यानंतर शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढली आणि जमीन घरच्या लक्ष्मीच्या नावे करा, असे शेतकऱ्यांनाच सांगितले. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली दिला. तरी हक्कसोड करायला बहिणीलाच नेतात, हे काय सांगायला पाहिजे? ज्यांच्या घरात खुरपणी, लागण, पाणी धरणे निम्म्याहून अधिक बाया करतात, त्यांनी निदान एखादा शेअर आणि थोडा ऊस मालकिणीच्या नावे नोंदवावा, बिल तिच्या खात्यावर जाऊ द्यावे. याने उसाचे टनेज काही घटत नाही.

कायद्याची एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून सांगतो. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा, अंमल २६ ऑक्टोबर २००६ पासून. त्यात नुसती मारहाण नाही, तर उपाशी ठेवणे, पैसे काढून घेणे, घालूनपाडून बोलणेही येते. घर सासऱ्याच्या नावे असले तरी नांदत्या सुनेला मनास येईल तेव्हा बाहेर काढता येत नाही. वकील फुकट मिळू शकतो. अर्ज कोर्टात आल्यावर साधारण तीन दिवसांच्या आत पहिली तारीख लागावी आणि साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदाच म्हणतो. आणि संरक्षण अधिकाऱ्याला खबर बाईनेच दिली पाहिजे असे नाही. शेजाऱ्याने, चिटबॉयने, अंगणवाडीच्या ताईने, कोणीही दिली तरी चालते. प्रामाणिकपणे खबर देणाऱ्यावर त्याबद्दल कसलाही दावा वा खटला चालत नाही.